जायकवाडीचे पाणी आणि घटनेतील तीन सूची

नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे किंवा कसे, हा प्रश्न पाऊस ओढ देणाऱ्या वर्षी हटकून ऐरणीवर येतो. अशा वेळी ‘केंद्राने लक्ष घालावे’ अशी मागणीही कानी पडते. ती कितपत रास्त आहे, हे घटनेच्या आधारे पाहणे उचित ठरेल.

अनुच्छेद २४६ अन्वये कायदे करण्याचे विषय सातव्या अनुसूचीत संघ, राज्य व समवर्ती अशा तीन सूचींत विभागलेले आहेत. पाणीपुरवठा, सिंचन, कालवे व जलसाठे हे विषय राज्य सूचीतील नोंद १७ मध्ये येतात. मात्र ही नोंद संघ सूचीतील नोंद ५६ च्या अधीन आहे. आंतरराज्यीय नदीचे नियमन केंद्राच्या नियंत्रणाखाली असणे लोकहितार्थ इष्ट आहे, असे संसदेने कायद्याने घोषित केल्यास तेवढ्यापुरता राज्याचा अधिकार संकोच पावतो. ‘तेवढ्यापुरता’ या शब्दाकडे सहसा दुर्लक्ष होते.

गोदावरी पुढे तेलंगणात जाते. राज्याराज्यांतील तंट्यांसाठी संसदेने १९५६ मध्ये कायदा केला व त्याखाली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८० मध्ये गोदावरीबाबत अंतिम निवाडा दिला. त्यानुसार पैठण धरणापर्यंतचे सर्व पाणी वापरण्यास महाराष्ट्रास मुभा आहे. त्या पाण्याची राज्यांतर्गत वाटणी हा मात्र राज्याचाच विषय होय. विधिमंडळाने २००५ मध्ये संमत केलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात तुटीची झळ खोऱ्यातील सर्वांनी वाटून घ्यावी, हे तत्त्व आहे. त्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेला आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायम केला.

उलट, धरणांच्या सुरक्षिततेविषयी संसदेने २०२१ मध्ये नोंद ५६ ला अनुसरून कायदा केला. म्हणजे धरण एकच. पण त्याच्या भिंतीच्या सुरक्षिततेस केंद्राचा कायदा लागू, तर आतील पाण्याच्या वाटपास राज्याचा!

अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन व जलव्यवस्थापन हे विषय आहेत खरे. परंतु त्यामुळे पंचायतींना कायदा करण्याचा अधिकार मिळत नाही. राज्याचा कायदा सोपवील तेवढेच अधिकार त्यांना लाभतात. तेव्हा पाणी सोडण्याविषयीचा ठराव गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आणि प्राधिकरणाकडे धाडावा. दिल्लीस गेलेला कागद फिरून मुंबईस येईपर्यंत रब्बीचा हंगाम निघून जातो.