आतड्याची दुर्बीण: वळणावळणाचा हिशेब

‘खालून दुर्बीण’ म्हणजे कोलोनोस्कोपी. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत नुसत्या तपासणीला साधारण 5 ते 15 हजार रुपये सांगतात. सरकारी रुग्णालयात बरेच कमी. पण फोनवर सांगितलेला आकडा सरळसोट आतड्याचा असतो, आणि आतडी सगळ्यांची सरळसोट नसतात.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. तरी कुशल डॉक्टर दुर्बीण 70-80 सेंटीमीटर आत घालूनच शेवटच्या टोकाला, म्हणजे सीकमला, पोहोचतात. पायजम्यात नाडी ओवताना आपण कापड मागे गोळा करत जातो ना, तसेच आतडे दुर्बिणीवर गोळा करत जायचे. अडते ते बहुधा डाव्या बाजूच्या सिग्मॉइड भागात. तो सैल आणि लांब असला की दुर्बिणीचे वेटोळे होते. डॉक्टर आत ढकलतात, टोक पुढे सरकत नाही, आतडे ताणले जाते आणि कळ येते. काहींचा आडवा भाग ओटीपोटापर्यंत लोंबतो. बायकांत हे जास्त. गर्भाशय काढलेले असेल तर आतडी चिकटून वाकलेली असू शकतात. अगदी बारीक अंगाच्या माणसालाही त्रास होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

मग नर्स पोट दाबते, कूस बदलायला सांगतात, कधी लहान मुलांची बारीक दुर्बीण आणतात. वेळ वाढतो, भूलही जास्त लागते. म्हणून जुन्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड आणि आधीच्या कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट तारीख घेतानाच दाखवा, टेबलावर झोपल्यावर नको.

आणि काउंटरवर स्पष्ट विचारा: भूलतज्ज्ञाची फी आकड्यात धरली आहे का? पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतली छोटी वाढ, निघाला तर काढण्याचे आणि बायोप्सीचे किती? दुर्बीण सीकमपर्यंत गेलीच नाही, तर दुसरा प्रयत्न किंवा सीटी कोलोनोग्राफी (आतड्याचा सीटी स्कॅन) कोणाच्या खिशातून? हा शेवटचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. बिल मात्र तिथेच फुगते. विमा असेल तर निव्वळ तपासणी बसते का, ते आधी लेखी विचारा.

पोट साफ करण्याची पावडर काहीशे रुपयांची. ती नीट न घेतल्यास सगळेच पुन्हा. भूल घेतल्यावर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, तेव्हा सोबतीची रजा आणि रिक्षाभाडेही धरा. रिपोर्ट हातात आला की पैशांआधी एक ओळ शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत पोहोचली का, आणि तिथला फोटो जोडला आहे का?