इसार, मुंगड आणि प्रवेशाचा निकाल

जमिनीचा किंवा मालाचा सौदा ठरला की खरेदीदार काही रक्कम आगाऊ देतो. मराठीत तिला इसार म्हणतात, आपल्या कन्नड विभागातील मित्र मुंगड म्हणतील, माळव्यात तिला बयाना म्हणतात. सौदा पुरा झाला तर ही रक्कम किमतीत वळती होते. खरेदीदाराने माघार घेतली तर ती बुडते. श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली हेच तत्त्व मांडले. प्रस्तुत लेखात आपल्याला ते जमिनीला नव्हे, तर महाविद्यालयातील जागेला लावून पाहायचे आहे.

अमेरिकेत ब्राउन, कॉर्नेल, कोलंबिया अशा विद्यापीठांत 'अर्ली डिसिजन' नावाची पद्धत आहे. नोव्हेंबरच्या आरंभी अर्ज, डिसेंबरच्या मध्यास निकाल. अट अशी, की असा अर्ज एकाच ठिकाणी करावयाचा आणि प्रवेश मिळाल्यास तो घेऊन बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यावयाचे. विद्यार्थी, पालक व शाळेचा सल्लागार या तिघांच्या त्यावर सह्या असतात. हा इसार पैशाचा नाही, शब्दाचा आहे. विद्यापीठाला भरलेल्या जागांची हमी मिळते आणि विद्यार्थ्याला थोडे झुकते माप. अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी २००३ मध्ये हे माप मोजले, तेव्हा ते सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या तोडीचे भरले. मात्र ज्याला शिष्यवृत्तीची गरज आहे त्याला चार ठिकाणचे देकार शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. मदत अपुरी पडली तर सुटका मिळते, पण तुलना नाही. ही पद्धत सुस्थितीतील मुलांच्या फायद्याची आहे, असे म्हणून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली लवकरचे प्रवेश बंद केल्याचे जाहीर केले. इतर बहुतेकांनी अनुकरण केले नाही आणि २०११ साली दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. तत्त्वालाही स्पर्धा परवडावी लागते!

आपल्याकडे गाडी उलटी चालते. माझे मामा उज्जैनजवळ भैरवगढला राहतात. मेणाच्या व ठशांच्या छापाईचे गाव, पलीकडे क्षिप्रा, सिद्धवट आणि काळभैरवाचे देऊळ. मामेबहिणीने बारावीनंतर आय. आय. एम. इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी परीक्षा दिली. हा अभ्यासक्रम २०११ साली सुरू झाला. जागा थोड्या, आधी परीक्षा, मग मुलाखत, मग प्रतीक्षायादी. तिचा निकाल यायचा होता, तोच एका खाजगी विद्यापीठाचे पत्र आले: दहा दिवसांत वर्षाची फी २ लाख भरा, नाहीतर जागा जाईल. तळाशी बारीक अक्षरांत 'फी परत मिळणार नाही'. नामवंत संस्था निकाल उशिरा लावते, सामान्य संस्था पैसे लवकर मागते आणि मधल्या दिवसांची जोखीम घरातल्या माणसांवर पडते. मामी म्हणाल्या, "ताई, तू कॉमर्सची ना? मग सांग, भरायचे की नाही?"

प्रश्न परीक्षेतल्यापेक्षा अवघड होता. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना काढून पाहिली. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर सर्व फी परत. प्रक्रियाखर्च म्हणून फीच्या ५ टक्के, पण ५,००० रुपयांहून जास्त नाही, एवढेच कापता येतात. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के परत. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे शून्य. म्हणजे २ लाखांवर नुकसान अनुक्रमे ५ हजार, २० हजार, ४० हजार, १ लाख आणि अखेर संपूर्ण २ लाख. २०२४-२५ या वर्षासाठी तर आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा देण्यास सांगितले होते. अशी परिपत्रके ज्या त्या वर्षी पाहून घ्यावीत. बारीक अक्षरांतली ती ओळ या नियमापुढे टिकत नाही, आणि ५ हजार ही वाट पाहण्याची किंमत आहे असे समजले की हिशेब सरळ होतो. अर्थात २ लाख रोख उभे करता येतात त्याच्यासाठीच! मामांना ते सोसायटीतून उचलावे लागले, व्याज वेगळे.

याहून शहाणी व्यवस्था असू शकते. गेल व शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली दाखवले, की विद्यार्थ्याने पसंतीची यादी द्यावी, संस्थेने जागा तात्पुरती द्यावी, आणि वरची जागा मिळाली की खालची आपोआप सुटावी. मग कोणालाच फसल्यासारखे वाटत नाही. शॅप्ली यांना त्यासाठी २०१२ साली नोबेल मिळाले. गेल त्याआधीच २००८ साली वारले होते. आय. आय. टी. व एन. आय. टी. यांचे प्रवेश २०१५ पासून एकत्रितपणे याच धर्तीवर होतात. तेथे 'फ्लोट' हा पर्याय घेतला की हातची जागा राखून वरच्या जागेची वाट पाहता येते. इंदूरचा हा अभ्यासक्रम आणि खाजगी विद्यापीठे या एका सूत्रात नाहीत.

महादजी शिंद्यांनी विजयासाठी काळभैरवाला आपली पगडी अर्पण केली, असे तेथे सांगतात. मामींनी नारळ ठेवला. मद्याचा नैवेद्य तेथे चालतो, तो मात्र त्यांना पटला नाही. बहिणीचा क्रमांक प्रतीक्षायादीत आहे आणि यादी दोनदा पुढे सरकली आहे. खाजगी विद्यापीठाची अंतिम तारीख तिने कॅलेंडरवर लाल शाईने गोल केली आहे आणि तिच्या पंधरा दिवस आधीची तारीख निळ्या शाईने. सध्या घरात सगळे निळ्या तारखेकडे पाहतात.