पाषाणातील पाऊलखुणा आणि डायनोसॉरांचा वेग

डायनोसॉरांच्या अस्थींवरून त्यांची उंची, बांधा आणि आहार यांविषयी पुष्कळ माहिती मिळते. परंतु प्रत्यक्षात तो प्राणी कसा चालला याची नोंद त्याच्या पाऊलखुणांतच सापडते. ओल्या चिखलात उमटलेले ठसे वाळून कठीण झाले, त्यांवर गाळाचे थर साचले आणि कालांतराने त्यांचा खडक बनला. या ठशांवरून प्राण्याचा वेग काढण्याची रीत इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली मांडली.

या रीतीस दोन मापे लागतात. पहिले माप ठशाच्या लांबीचे. ही लांबी चौपट केली की जमिनीपासून खुब्यापर्यंतची उंची अदमासे मिळते. दुसरे माप ढांगेचे, म्हणजे एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधील अंतराचे. वेग वाढला की ढांग लांबते. मात्र तेवढीच ढांग उंच प्राण्याची असेल तर तो सावकाश चालत असतो आणि ठेंगण्या प्राण्याची असेल तर तो धावत असतो. म्हणून ढांगेची तुलना पायाच्या उंचीशी करावी लागते. लहानमोठ्या जहाजांच्या तुलनेसाठी विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात वापरलेले तत्त्व अलेक्झांडर यांनी येथे लावले आणि माणसासह निरनिराळ्या जिवंत प्राण्यांच्या चालीवरून सूत्र बसविले.

ढांगेच्या १.६७ व्या घातास उंचीच्या १.१७ व्या घाताने भागून ०.७८ ने गुणावे. मापे मीटरमध्ये असल्यास उत्तर दर सेकंदास मीटर असे येते. समजा, ठसा ५० सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे उंची २ मीटर. ढांग २.६ मीटर असेल तर वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या झपझप चालीइतका येतो. ढांग ६ मीटर असेल तर तो ताशी सुमारे २५ किलोमीटर भरतो. ढांग उंचीच्या दुपटीहून कमी असल्यास ती चाल आणि २.९ पटींहून अधिक असल्यास धाव समजतात.

हे उत्तर अंदाजाचेच असते. पाय चिखलात घसरला तर ठसा लांबतो. उंचीचे प्रमाणही सर्व जातींत सारखे नसते. बहुतेक ठसे सावकाश चालीचे आढळतात, परंतु तेवढ्यावरून हे प्राणी मंद होते असे ठरत नाही. निसरड्या चिखलात कोणताही प्राणी सहसा धावत नाही. स्पेनमधील ला रिओहा येथील मांसभक्षक डायनोसॉरांच्या ठशांवरून २०२१ साली ताशी ४४ किलोमीटरपर्यंतचा वेग काढण्यात आला.

या गणितातून एक व्यावहारिक बोध निघतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात पॅलक्सी नदीच्या पात्रात सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथील रहिवाशांनी सुटे ठसे कापून विकले. असा सुटा ठसा पायाची लांबी सांगतो. ढांग मात्र कायमची हरवते आणि तिच्याबरोबर वेगही.

महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांच्या अस्थींचे जीवाश्म मिळाले आहेत. अशा कोणत्याही स्थळी जीवाश्म आढळल्यास तो न उचलता जागच्या जागी राखणे, छायाचित्र व मापे घेणे आणि भूशास्त्राच्या जाणकारांस कळविणे, हे काम शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतील.