माझ्या अहवालातला माळढोक

सिंधुदुर्गातल्या एका गावात शाळेच्या पटांगणात मांडव घालून जनसुनावणी चालली होती. समोर अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आणि कडेला आम्ही कन्सल्टन्सीवाले. विषय एका खाणीचा. मागच्या रांगेतून साठीचे एक गृहस्थ उठले. हातात आमच्या अहवालाचा मराठी गोषवारा होता. चष्मा सारखा करत त्यांनी विचारलं, “बाईनू, हो माळढोक तुमका खंय गावलो? आमच्या हयसर माळच नाय, मगे ढोक खंयसून येतलो?”

अख्खा मांडव हसला. मी मान खाली घातली, कारण तो माळढोक मीच तिथं आणून सोडला होता. सोलापूरकडच्या एका जुन्या अहवालातली पक्ष्यांची यादी मी उचलून चिकटवली होती. नान्नजच्या गवताळ माळावरचा पक्षी आंबा-काजूच्या बागांत कसा दिसेल, हे एमएस्सी पर्यावरणशास्त्र झालेल्या मला कळायला हवं होतं. पण साहेबांनी सांगितलं होतं, “जुनी फाईल आहे ना, गावांची नावं तेवढी बदल.” मी नावं बदलली. पक्षी तसाच राहिला.

पर्यावरण क्षेत्रात नोकरी कशी मिळते, हे विचारायला हल्ली मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी हा माळढोक सांगते आणि मग तिथवर कशी पोचले तेही सांगते, कारण ती वाट माझी मीच निवडली होती.

२०१४ साली पुण्यात एमएस्सी झाले. डोक्यात हवामानबदल, जंगलं, आंतरराष्ट्रीय परिषदा. निकालानंतर महिन्याभरातच एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. ईटीपी केमिस्टची जागा होती, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर. पगार ११,००० रुपये. प्लांट बघितला, वासानं डोकं उठलं. घरी येऊन म्हणाले, “एमएस्सी करून गटार सांभाळू?” आई म्हणाली, “आपल्या गोठ्याला काय अत्तराचा वास येतो?” मी नकार कळवून मोकळी झाले.

मग ‘सस्टेनेबिलिटी’ हा शब्द दिसेल त्या जाहिरातीला अर्ज. सगळीकडे एकच बायोडेटा, त्यात ‘पर्यावरणाची आवड’ ठळक अक्षरात. सहा महिन्यांत एक फोन आला नाही. त्या निराशेत एका संस्थेचा कार्बन क्रेडिटचा प्रमाणपत्र कोर्स केला. फी २२,०००. ते पैसे बाबांच्या ऊसबिलातले होते. नोकरीची हमी तोंडी होती, कागदावर नव्हती. वर्गात कुणी सांगितलं नाही की क्योटो कराराखालच्या क्रेडिटचे भाव २०१२ च्या अखेरीस एक युरोच्याही खाली कोसळले होते आणि ते काम करणारी माणसंच नोकऱ्या शोधत फिरत होती. बाजार उठल्यावर मी दुकान मांडायला शिकत होते.

असं वर्ष गेल्यावर कन्सल्टन्सीत जागा मिळाली, तेव्हा मी काहीही विचारलं नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल लिहायचे होते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना परवानगीआधी असा अहवाल द्यावा लागतो. प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटर परिसरातली हवा, पाणी, माती, जीवसृष्टी पावसाळा सोडून एका हंगामात मोजायची असते. जनसुनावणीपर्यंतच्या दहा महिन्यांत मला एकदाही त्या परिसरात नेलं नाही. ऑफिसात एसी होता, खुर्ची फिरती होती आणि मी खूश होते. जनसुनावणीनंतर साहेब गाडीत एवढंच म्हणाले, “नीट वाचायचं ना.” चूक खोट्या यादीची नव्हती, पकडलं गेल्याची होती. पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. शौर्य वगैरे काही नव्हतं, लाज वाटत होती एवढंच.

आणि मग गेले कुठं? ईटीपीवरच. कारखाना दुसरा, पगार १२,५००. दोन वर्षं फिरून दीड हजार कमावले म्हणायचे.

तिथले ऑपरेटर बारावी नापास. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्याच सकाळी त्यांनी एक लिटरचा मोजमापाचा सिलिंडर हातात दिला. “एरेशन टँकमधलं पाणी भरा, मॅडम, आणि अर्धा तास हलवू नका.” तपकिरी पाणी हळूहळू फाटलं. वर नितळ पाणी, खाली गाळाची रेघ. अर्ध्या तासानं रेघ कुठं आली ते वहीत लिहायचं. हा गाळ म्हणजे घाण खाणारे जिवाणू. तो घट्ट बसला तर प्लांट निरोगी. एका सकाळी रेघ खाली यायलाच तयार नव्हती, गाळ कापसासारखा तरंगत होता. मामा बघून म्हणाले, “गाळ रुसलाय. रात्री कुणीतरी टाकी धुतली असणार.” चौकशी केली तर रात्रपाळीनं कॉस्टिकनं टाकी धुऊन सगळं पाणी न सांगता इकडे सोडलं होतं. एमएस्सीच्या दोन वर्षांत हा सिलिंडर मी एकदा पाहिला होता, परीक्षेत.

त्या प्लांटवर मी पाच वर्षं काढली. पाण्याचं मीटर कुठं आहे, टँकर कधी येतो, गाळ कुठल्या पावतीवर बाहेर जातो, हे सगळं तिथं कळलं. कागदही कळले. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत, मंडळाच्या संमतीपत्राचं नूतनीकरण तेव्हा मुदतीआधी. पर्यावरणाची आवड असो वा नसो, या तारखा कुठल्याच कारखान्याला चुकत नाहीत, म्हणून तिथं माणूस लागतोच.

२०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, नियम आणला. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, उत्सर्जन, कचरा यांचा हिशेब वार्षिक अहवालात देणं बंधनकारक झालं. अशाच एका कंपनीच्या मुलाखतीला गेले. बाकीच्या उमेदवारांकडे परदेशी पदव्या होत्या. मला एकच विचारलं, “कारखान्यानं वर्षभरात किती पाणी वापरलं, हा आकडा कुठून आणाल?” मी सांगितलं: एमआयडीसीच्या नळाचं बिल, बोअरवेलचं मीटर, टँकरच्या पावत्या. तीन बेरजा जुळल्या नाहीत तर आधी बोअरवेलचं मीटर बघेन, कारण बंद पडलेलं असतं ते तेच. नोकरी मिळाली. ज्या ‘सस्टेनेबिलिटी’च्या मागे मी धावत होते, तिचं दार गटाराच्या बाजूनं उघडलं.

आता मुलाखती मी घेते. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: “आज सकाळी नमुना घेतला तर बीओडीचा आकडा कधी हातात येईल?” पुष्कळ मुलं “संध्याकाळी” म्हणतात. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारी ही चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते. ज्यानं बाटली इन्क्युबेटरमध्ये ठेवून वाट पाहिली आहे, तो न चुकता सांगतो. बायोडेटातल्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा मला ते उत्तर पुरतं.

म्हणून जे शोधताहेत त्यांना सांगणं एवढंच. जाहिरातीत ‘सस्टेनेबिलिटी’ शोधत बसू नका. ‘ईएचएस’ (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा), ‘एन्व्हायर्न्मेंट ऑफिसर’, ‘ईटीपी केमिस्ट’, ‘लॅब अॅनालिस्ट’ हे शब्द टाका. पहिली दोन वर्षं जिथं हात ओले होतील तिथं काढा: प्लांट, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, धुराड्यावर चढून नमुने घेणारी तुकडी, नाहीतर पाणलोटाचं काम करणारी संस्था. सरकारी जाहिरात आली तर अर्ज जरूर करा, पण तिची वाट बघत घरी बसू नका.

कोर्सला पैसे भरण्याआधी विचारा, हे काम करायला कंपनीला कोणता कायदा भाग पाडतो आणि कोणत्या तारखेला? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा. देशी कार्बन बाजाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून तसले वर्ग पुन्हा निघालेत. ते शिकू नका असं मी म्हणत नाही. आधी उत्सर्जन मोजायला शिका. कारखान्यानं जाळलेल्या इंधनाचं वेगळं, विकत घेतलेल्या विजेचं वेगळं. वीजबिल वाचता येत नसेल तर पुढचं सगळं हवेत.

कन्सल्टन्सीत जाणार असाल तर तीन गोष्टी आधीच विचारा. तुमच्या प्रकल्पांच्या क्षेत्रासाठी तिला नॅबेटची, म्हणजे अशा सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का. मला जागेवर नेणार का. अहवालात नाव कुणाचं जाणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चुळबुळला तर समजून जा. आणि कुणी “नावं तेवढी बदल” म्हटलं, तर पहिल्याच वेळी नाही म्हणा. दुसऱ्या वेळी म्हणणं अवघड जातं, मला जमलं नव्हतं.

आमच्या कंपनीचा अहवाल छपाईला जाण्याआधी मी एकदा मोठ्यानं वाचते. मागच्या रांगेत चष्मा सारखा करत ते गृहस्थ बसलेत असं धरून. ज्या आकड्याशी जीभ अडखळते, त्याचं मीटर बघायला दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाते.