इंजिन खोलण्याआधी

कराड

चि. महेश यास,


काल फोनवर तू म्हणालास, "काका, गिअर जड पडतोय, न्यूट्रल सापडत नाही, इंजिन खोलतो." तक्रार आणि निकाल एका दमात! गाडी भाजीवाल्याची आहे. ती चार दिवस तुझ्या गॅरेजात उघडी पडली तर पाटणच्या बाजारात त्याची पाटी कोण नेणार? म्हणून पाना घेण्याआधी हे वाच.

गाडी बंद ठेव, डबल स्टँडवर घे, मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाक. चाक न हलवता गिअर बसला नाही तर घाबरू नकोस. आत गिअरच्या बाजूला जे खुंट असतात ते समोरासमोर आले की शिरत नाहीत, चाक जरा हललं की शिरतात. बंद गाडीत सगळे गिअर सरळ पडतात आणि चालू केल्यावरच जड होतात, असं दिसलं तर गिअरबॉक्स निर्दोष आहे असंच धर. क्लच पूर्ण सुटत नाहीये. गाडी बंद केल्याबरोबर न्यूट्रल लागतो ही त्याचीच खूण. खात्री हवी तर सपाट जागेवर गाडी चालू कर, क्लच दाबून पहिला टाक. गाडी पुढे ओढायला लागली की समज.

मग क्लचची वायर बघ. लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर खेळ हवा. त्याहून जास्त असेल तर लिव्हर मुठीला टेकली तरी क्लचच्या प्लेटा सुट्या होत नाहीत. खेळच नसेल तर उलटा आजार होतो. क्लच घसरतो, चौथ्यात मूठ पिळली की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. गिऱ्हाईक दोन्हीला "क्लच गेला" एवढंच म्हणतं, त्याच्या बोलण्यावर प्लेटा मागवू नकोस. हँडल दोन्हीकडे वळवून पाहा. खेळ कमी-जास्त झाला तर वायर चुकीच्या वाटेने ओवली आहे. टोकाशी तारा तुटल्या असतील तर सरळ बदल.

वायर बरी निघाली तर ऑइल कोणतं टाकलं ते विचार. आपल्या १०० सीसीच्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. कुणी उरलेलं कारचं ऑइल ओतलं असेल तर त्यातल्या रसायनांनी प्लेटा घसरू शकतात. डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघूनच घे. फार घट्ट ऑइल असेल तर थंडीत सकाळी प्लेटा चिकटून राहतात. साताऱ्याकडे माजी सैनिक पुष्कळ, तेव्हा कुणी ना कुणी उजव्या पायाच्या गिअरची जुनी बुलेट आणेलच. तिचा हिशोब निराळा: गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, क्लच चेन केसमध्ये वेगळा.

इथवर काही सापडलं नाही तरच क्लच कव्हर काढ. हाऊसिंगच्या खाचांवर बोट फिरव. प्लेटांनी तिथे खड्डे पाडले असतील तर नव्या प्लेटाही अडकणार.

बंद गाडीतही गिअर अडकत असेल तर आधी बाहेरचा गिअर लिव्हर बघ. गाडी पडून तो वाकतो आणि कव्हरला घासतो, किंवा त्याचे दाते झिजून शाफ्टवर नुसता फिरतो. दाबल्यावर लिव्हर जागेवर येत नसेल तर शाफ्टची स्प्रिंग गेली. पुष्कळ गाड्यांत ती क्लच कव्हरच्या आतच असते, त्यासाठी इंजिन फोडायला नको.

इंजिन खरंच फोडावं लागतं ते गिअर सुटतो तेव्हा. कुंभार्ली घाट चढताना ओढ पडली आणि दुसरा आपोआप बाहेर आला, तर खुंटांच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क वाकला आहे. एकच गिअर बदलू नकोस, त्याचा जोडीदारही बदल, आणि खर्च आधी सांग. मालक चालवताना पाय गिअर लिव्हरवर ठेवून बसतो का, तेही विचार. त्या दाबानेच फोर्क झिजतो, आणि ही सवय राहिली तर वर्षभरात गाडी परत तुझ्याच दारात.

भाजीवाल्याची वायर आज रात्रीच बघ आणि फोन कर. प्लेटा काढायची वेळ आलीच तर जुन्या फेकू नकोस, रविवारी मी व्हर्निअर घेऊन येतो, जाडी मोजून ठरवू.

तुझा,
अण्णाकाका