शाळेची पूर्वतयारी घराच्या अंगणात

बालकाचे नाव हजेरीपटावर चढते त्या दिवशी त्याच्या शिक्षणास प्रारंभ होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिलीत येणाऱ्या मुलामागे घरातील सहा वर्षांचे शिक्षण उभे असते. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेची पायरी चढत आहे, तेथील मूल पुष्कळदा बुद्धीअभावी नव्हे, तर सवयीअभावी मागे पडते. वेळेवर उठणे, एका जागी बसणे, सांगितलेले ऐकणे हे सारे त्याला एकाच दिवशी नवे असते. मग शाळेची गोडी लागण्यापूर्वीच तिची धास्ती बसते.

या प्रश्नाचा मूलगामी विचार श्रीमती ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी केला. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. तेथे शंख-शिंपले, खडे, बिया व पाने हीच शैक्षणिक साधने ठरली आणि स्नान व नखे कापणे हाच पहिला पाठ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रुजला.

घरच्या दिनक्रमासही खर्च लागत नाही. उठणे, दात घासणे, स्नान, जेवण व झोप यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात. तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप आवश्यक असते. जेवणाची ताटे मांडताना माणसे मोजावीत. त्यातून संख्येची ओळख होते. शेंगा सोलणे, सदऱ्याची गुंडी लावणे यांनी बोटांना वळण लागते व पुढे लेखणी धरणे सुकर होते. रात्री आजीने घरच्याच बोलीत गोष्ट सांगावी आणि “पुढे काय झाले असेल?” असे विचारावे. अक्षरे गिरवून घेण्याची घाई मात्र करू नये.

रोजंदारीवर जाणाऱ्या मातापित्यांना हा सारा क्रम पाळणे कठीण आहे, हे खरे. तथापि, निजण्यापूर्वीची पंधरा मिनिटे बहुतेक घरांत काढता येतील. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा, अंगणवाडी सेविका व शिक्षकांनी शाळाप्रवेशापूर्वी घरोघरी भेट द्यावी आणि पालकांस दोष न देता त्यांच्या घरी जे आहे त्यातूनच मार्ग दाखवावा. असे झाल्यास शाळेचा पहिला दिवस मुलाला परका वाटणार नाही.