नाव एक, शिंपले अनेक

बाल्टिक समुद्रातील गॉटलंड हे बेट स्वीडनचा भाग आहे. तेथील चुनखडक सुमारे त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन कालखंडात, उथळ समुद्राच्या तळाशी साचला. या खडकात सापडणाऱ्या एका गोलसर जीवाश्म शिंपल्याला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५८ साली ‘अनोमिया रेटिक्युलॅरिस’ असे नाव दिले. ‘रेटिक्युलॅरिस’ म्हणजे जाळीदार. शिंपल्यावरील उभ्या कण्यांना वाढीच्या आडव्या रेषा छेदतात व जाळी विणल्याचा भास होतो.

‘अनोमिया’ या प्रजातीत मात्र लिनीअसने दोन निराळ्या प्रकारचे प्राणी एकत्र ठेवले होते. तिसऱ्यांसारख्या प्राण्यांचे दोन शिंपले देहाच्या उजव्या व डाव्या बाजूंस असतात. ब्रॅकिओपॉड प्राण्यांचे शिंपले एक वर व एक खाली असे असतात. प्रत्येक शिंपल्याचे मधोमध दोन सारखे भाग पडतात, परंतु वरचा व खालचा शिंपला एकमेकांसारखे नसतात. बाहेरून साम्य दिसले तरी ही दोन कुळे फार दूरची आहेत. आज ‘अनोमिया’ हे नाव पहिल्या गटातील प्राण्यांकडेच राहिले आहे.

१८२८ साली योहान विल्हेल्म डालमान याने जाळीदार शिंपल्यासाठी ‘अट्रिपा’ ही नवी प्रजाती स्थापिली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छिद्रहीन’. चोचीसारख्या टोकाशी त्याला छिद्र दिसले नव्हते. वास्तविक लहान वयाच्या शिंपल्यांत ते असते. प्राण्याचा देठ त्यातून बाहेर येतो आणि वाढीबरोबर ते झाकले जाते. तरीही नाव बदलले नाही. शास्त्रीय नाव ही ओळखीची खूण आहे, वर्णन नव्हे. अर्थ चुकला म्हणून ते रद्द होत नाही. प्रजाती बदलल्यामुळे आता हे नाव ‘अट्रिपा रेटिक्युलॅरिस (लिनीअस, १७५८)’ असे लिहितात. मूळ नामकर्त्याने जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, एवढे त्या कंसावरून कळते.

पुढे मोठा घोळ झाला. जाळीदार, फुगीर शिंपला दिसला की तो ‘अट्रिपा रेटिक्युलॅरिस’, अशी सवयच पडली. सिल्युरियन व डेव्होनियन या दोन्ही कालखंडांतील, निरनिराळ्या खंडांवरील नमुने या एका नावाखाली जमा झाले. जीवाश्मावरून खडकाचे वय ठरवणाऱ्याला असे नाव निरुपयोगीच. कोट्यवधी वर्षे बदल न होता टिकलेली जाती म्हणून तिचे कौतुक झाले असते, तर तेही खोटे ठरले असते.

यावर उपाय शिंपल्याच्या आत होता. अन्न गाळणाऱ्या अवयवाला आधार देणारी चुनखडीची दोन नाजूक वेटोळी तेथे असतात. शिंपला थोडा थोडा घासत जायचे, प्रत्येक थराची नोंद करायची आणि त्या नोंदींवरून आतील रचना पुन्हा उभी करायची, असे हे काम आहे. त्यात नमुना नष्ट होतो, म्हणून आधी त्याचा साचा घेऊन ठेवावा लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉल कॉपर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अंतर्रचना व बाह्य कण्या यांची बारकाईने तुलना करून या जुन्या ढिगातून अनेक प्रजाती व जाती वेगळ्या काढल्या. लिनीअसने दिलेले जातिनाम आता गॉटलंडच्या मूळ शिंपल्याशी जुळणाऱ्या नमुन्यांपुरतेच राखले जाते.